कूलर बंद करा

नवतपा लागला. मे सरता सरता येणारे हे नऊ दिवस आमच्या वर्ध्यात कुणाला कॅलेंडरात बघावे लागत नाहीत. दुपारी रस्ता रिकामा होतो, कुत्री नालीच्या ओल्या काठाला पोट टेकून पडतात आणि म्हातारी माणसं घराबाहेर पडताना लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकतात. माझ्या वडिलांच्या सदऱ्यांना उन्हाळाभर कांद्याचा वास यायचा. मला तो कधी आवडला नाही. आता मीही पर्समध्ये एक छोटा कांदा ठेवते आणि कुणाला सांगत नाही.

सिंदी मेघेला माझं कॉफीचं छोटं दुकान आहे. मुलं त्याला कॅफे म्हणतात, मी दुकानच म्हणते. किराण्याच्या गल्ल्यामागे वाढलेली बाई आणखी काय म्हणणार? आज सकाळी छायानं आणि मी कूलर उघडला. छाया बोरगाव मेघेहून येते. कॉफी तीच करते, आणि मला अजिबात न भिणारी या दुकानातली ती एकमेव व्यक्ती. जुनं, काळं पडलेलं गवत काढलं, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी सोडलं, बटण दाबलं. मोटार आधी कण्हली, मग तिचा तो मोठा घरघराट सुरू झाला आणि ओल्या वाळ्याचा वास सगळ्या दुकानात पसरला. या वासानं पूर्वी मला माहेर आठवायचं. गेल्या काही उन्हाळ्यांपासून मात्र आधी भोयरभाऊ आठवतात.

तशा कटकट्या गिऱ्हाइकांचं मला नवल राहिलेलं नाही. चहा मिळणार नाही अशी पाटी बाहेर असूनही आत येऊन, कूलरसमोर घाम वाळवून, मग 'दोन चहा सांगा' म्हणणारे रोज येतात. कॉफी कडू आहे म्हणून परत पाठवणारे तर घाऊक. त्यांनी कॉफी प्यायलेली असते ती लग्नाच्या पंगतीनंतरची, मशीनवर फसफसून निघालेली, वर चॉकलेटची पूड भुरभुरवलेली आणि पाकासारखी गोड. त्यांच्या तोंडाला माझी कॉफी औषधासारखी लागते, त्यात त्यांची काय चूक? एका ग्लासावर तीन तास बसणारी कॉलेजची पोरं आहेत. फोनवर ओरडून जमिनीचे सौदे करणारे आहेत. आणि एक बाई दर वेळी माझ्या कपाला लिपस्टिक लावून जातात आणि पुढच्या वेळी 'कप स्वच्छ असू द्या' म्हणतात.

माझे वडील गिऱ्हाईक तणतणायला लागलं की हातातलं माप खाली ठेवायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. घरी भांडून आलाय, पोट दुखतंय, की खरंच साखर कमी भरली, हे त्यांना त्या बघण्यातून कळायचं. मला ते जमत नाही. माझं तोंड आधी सुटतं, डोळे मागून पोचतात. पण इतक्या वर्षांत एवढं मात्र कळलंय की ज्याच्याशी भांडायचं असतं तो बहुधा समोर नसतो. समोर कॉफी असते.

उन्हाळा हा आमच्याकडे सोयरिकींचा हंगाम. कापूस, चणा घरातून गेलेला असतो, शाळांना सुट्ट्या असतात, नागपूर-पुण्याला नोकरी करणारी मुलं आंबे खायला घरी आलेली असतात. पूर्वी पाहुणे थेट घरी यायचे. हल्ली 'आधी बाहेर भेटू' म्हणतात. मग भर दुपारी, तोंडाला दुपट्टे गुंडाळून, दोन्हीकडची मंडळी माझ्या दुकानात उतरतात. कोपऱ्यातल्या लांब टेबलाला छायानं 'मंडप' असं नाव ठेवलंय. 'काकू, मंडपात चार कोल्ड कॉफी,' ती हळूच सांगते आणि मला हसू दाबावं लागतं.

घर सोडून बाहेर भेटायला आले, तरी घर काही या लोकांच्या अंगावरून उतरत नाही. मुलाची आत्या नाहीतर मामी असते, ती काउंटरकडे मान वळवून म्हणते, 'कॉफी पोरीलेच आणू द्या नं, बाई.' म्हणजे कॉफी करणार छाया, आणि ट्रे उचलायचा तो स्वतःच पाहुणी आलेल्या त्या मुलीनं. पहिल्यांदा मी 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' म्हणून बघितलं. उपयोग झाला नाही. मुलगी स्वतःच उठून आली आणि म्हणाली, 'द्या काकू, उगाच कायले वाद.' तेव्हापासून किती मुलींना मी त्या काउंटरवरून मंडपापर्यंत ट्रे नेताना पाहिलंय. इंजिनीयर झालेल्या, पोलीसभरतीत पळून आलेल्या, कुणी स्वतःची गाडी चालवत आलेली. त्या चार पावलांत सगळ्यांची चाल एकसारखी होते. ग्लास एकमेकांना लागून किणकिणायचे, म्हणून छाया आता ट्रेवर ओला नॅपकिन अंथरून देते.

काही वर्षांपूर्वीच्या नवतपात भोयरभाऊ पहिल्यांदा आले ते मुलगी दाखवण्याच्या आदल्या दिवशी, एकटेच. आंजी गावचे शेतकरी. साठीचे, उंच, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्यांनी काही मागवलं नाही. मंडपाच्या एकेका खुर्चीवर बसून पाहिलं, भिंतीला हात लावून पाहिला, मग काउंटरशी आले.

'हे गाणं बंद होते का?'

'होते.'

'आन् उद्या दुपारी कूलर बंद करा लागन. घंटाभर.'

मला वाटलं चुकून ऐकलं. 'भाऊ, नवतपा सुरू आहे.'

'मले मालूम हाय,' ते म्हणाले. 'मी आंजीत राह्यतो, काश्मीरात नाई.'

मी नाही म्हणाले. ते गेले नाहीत. कूलरचा आवाज किती मोठा आहे, पाहुण्यांशी बोलता येणार नाही, एवढ्या मोठ्या दुकानदाराला एवढंही जमू नये का, असं सगळं त्यांनी न थांबता ऐकवलं. शेवटी सुटका म्हणून मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते मुलीला घेऊन आले. प्रणाली तिचं नाव. शहरातल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. सावळी, शांत, केसांची साधी वेणी. भोयरभाऊंनी तिला मंडपाच्या उजव्या टोकाच्या खुर्चीवर, भिंतीला अगदी लागून बसवलं आणि पाहुण्यांना समोर आणि तिच्या डाव्या हाताला. कूलर बंद झाला तशी दुकानावर एकदम शांतता पसरली, आणि पाठोपाठ उकाडा आला. छायाच्या कपाळावरून घाम ओघळून कॉफीच्या बरणीवर पडला. बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून उठून गेली. ती सोयरीक काही जमली नाही. मुलाकडच्यांना नोकरी करणारी नको होती म्हणे.

दोन दिवसांनी ते पुन्हा हजर. नवे पाहुणे, तीच फर्माईश. या वेळी मी ठाम राहिले. दुकान भरलेलं होतं, बाहेर वारा भट्टीसारखा वाहत होता. तरी पाहुणे यायच्या आधी भोयरभाऊ स्वतःच उठले आणि त्यांनी कूलरचं बटण बंद केलं.

'ओ काकाजी, काऊन बंद केला?' पलीकडच्या टेबलावरचा एक कॉलेजचा मुलगा उसळला. 'मरून राह्यलो न इथं गर्मीनं!'

'दहा मिनिटं कळ काढ, बाबू.'

'तुम्ही काय विकत घेतलं का दुकान?'

आवाज चढले. मी मध्ये पडले, कूलर पुन्हा लावला आणि भोयरभाऊंना सगळ्यांसमोर सांगितलं की दुकान माझं आहे आणि इथं बटणाला हात मी लावते. ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग कमी होता आणि दुसरं काहीतरी जास्त होतं, पण ते बघायला तेव्हा माझे डोळे पोचले नव्हते. तेवढ्यात पाहुणे आले. जागा बदलली गेली, कोण कुठं बसलं याचा मेळ राहिला नाही, आणि मुलाची आई प्रणालीच्या उजव्या बाजूला बसली.

पुढचं मी काउंटरवरून पाहिलं. ती बाई काहीतरी विचारत होती. प्रणाली समोर बघत होती. बाईनं पुन्हा विचारलं. प्रणालीनं हललेले ओठ पाहिले असावेत, ती वळली आणि नुसती हसली. भोयरभाऊ घाईघाईनं भलतंच काही बोलू लागले. कॉफी संपायच्या आधीच मंडळी उठली. दारातून बाहेर पडताना ती बाई मुलाला म्हणाली, तेही कुजबुजून नव्हे, 'पोरगी भल्ली घमंडी दिसते. बोललं त जवाबच नाई देत.'

पाहुणे गेले आणि भोयरभाऊंनी ग्लास उचलून काउंटरवर आदळला. 'कडू जहर हाय तुमची कॉफी!' ते म्हणाले, आणि बाहेर उन्हात जाऊन उभे राहिले.

प्रणाली हात धुवायला आत आली होती. टॉवेल देताना मी कोरडेपणानंच म्हटलं, 'तुझ्या बाबांना कूलरचं काय वाकडं आहे गं?'

तिनं तोंडावर पाणी मारलं, टॉवेलात चेहरा धरला. मग म्हणाली, 'मले या कानानं ऐकू येत नाई, काकू. उजव्या. लहानपणी गालफुगी झाली होती, त्यात गेला. मशीनचाही उपयोग नाई म्हणतात डॉक्टर. शांत असलं की डाव्या कानावर सगळं भागते. पण असा आवाज असला की...' तिनं कूलरकडे हात केला.

मी तिच्या डाव्या बाजूला सरकले.

तिनंच पुढचं सांगितलं. पहिलं स्थळ घरी आलं होतं, आंजीला. तेव्हा बाबांनी सरळ सांगून टाकलं होतं की मुलीला एका कानानं येत नाही. त्या माणसांनी पोहे खाल्ले, पाणी प्यायले आणि उठता उठता विचारलं, 'मग लेकरंही बहिरी होतीन का?' तेव्हापासून बाबा पाहुण्यांना घरी बोलावत नाहीत. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कुणीतरी बोलून जाईल. म्हणून शहर, म्हणून कॉफीचं दुकान, म्हणून भिंतीजवळची खुर्ची.

'बाबा म्हणतात, लग्न होऊ दे, मग सांगू,' ती म्हणाली. 'पण मले असं लपूनछपून कोणाच्या घरी नाई जायचं, काकू. सासू मागून हाक मारन, मले ऐकू नाई येणार, आन् ते म्हणन हे घमंडी हाय. आज म्हणली तशी, ओठावरूनच कळलं मले. जिंदगीभर मी काय भिंतीलेच चिकटून बसू?'

'मग सांग ना बाबांना.'

'कशी सांगू? ते माझ्यासाठीच भांडून राह्यले सगळ्यांशी. तुमच्याशी, त्या पोराशी. मी त्यांच्याशी कशी भांडू?'

बाहेर उन्हात तिचा बाप दुपट्ट्यानं मान पुसत होता. मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच वेळी मायाही वाटली. दोन्ही एकदम होतं कधीकधी, आणि कोणतं खरं हे सांगता येत नाही.

ही दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. गिऱ्हाइकानं ग्लास आदळला की आजही माझं तोंड सुटतंच, स्वभाव कुठं जाणार? पण आपण एखाद्याला तऱ्हेवाईक म्हणतो तेव्हा त्याच्या हट्टाच्या पलीकडच्या खुर्चीवर कोण बसलंय ते आपल्याला दिसत नसतं, हे मला त्या माणसामुळे कळलं. स्वतःसाठी मागणारं गिऱ्हाईक थोडं घासाघीस करून ऐकतं. दुसऱ्यासाठी मागणारं ऐकत नाही. माझी आई शाळेत माझ्या फीसाठी अशीच भांडायची, अगदी मान खाली घालावीशी वाटेल इतकी. तेव्हा मला तिची लाज वाटायची. प्रणालीला बापाची लाज वाटत नव्हती, हे मला तिच्यात सगळ्यात मोठं वाटलं.

नवतपा संपत आला तेव्हा भोयरभाऊ तिसऱ्यांदा आले. या वेळी आवाज खाली होता. दुपट्टा डोक्यावरून काढून हातात धरलेला.

'ताई, उद्या एक डाव. पोरगा चांगला हाय. हे जमलं पायजे.'

मी म्हटलं, 'भाऊ, मला माहीत आहे कशासाठी ते. मी कूलर बंद करीन. पण लग्नानंतर तिच्या घरातला कूलर कोण बंद करणार?'

त्यांनी मान वर केली. मुलीनं मला सांगितलं, हे त्यांना कळलं. रागावतील असं वाटलं होतं. ते स्टुलावर बसले आणि दुपट्ट्याची घडी घालत राहिले.

'लग्न झाल्यावर माणूस माणसाले सांभाळून घेते, ताई,' ते म्हणाले. 'आधी कोणी घेत नाई. आधी सगळे सौदा पाह्यते.'

त्यांचं पूर्ण चूक असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाणी बंद केली, कूलर बंद केला. पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक आत्याबाई. सगळं भोयरभाऊंच्या मनासारखं चाललं होतं. भिंत उजवीकडे, पाहुणे समोर. प्रश्न विचारले जात होते, प्रणाली नेमकी उत्तरं देत होती. मुलगा खरोखर बरा दिसत होता, घाम पुसत होता आणि तक्रार करत नव्हता. मला मनातून वाटायला लागलं, जमू दे बाबा एकदाचं. खरं सांगते, त्या घटकेला मीही भोयरभाऊंच्याच बाजूची झाले होते.

मग आत्याबाई म्हणाल्या, 'कॉफी पोरीलेच आणू द्या.'

प्रणाली उठून काउंटरशी आली. छायानं नॅपकिन अंथरला, ग्लास मांडले. प्रणालीनं ट्रेला हात लावला आणि तशीच थांबली. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, 'छायाताई, कूलर सुरू करा.'

छायानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की नाही हे मला आठवत नाही. छायानं बटण दाबलं. घरघराट सुरू झाला, मंडपातल्या सगळ्यांनी माना वळवल्या, आणि भोयरभाऊ अर्धे उठून उभे राहिले. प्रणाली ट्रे घेऊन निघाली. ट्रे तिनं टेबलावर ठेवला, पण खुर्चीवर बसली नाही.

'मले उजव्या कानानं ऐकू येत नाई,' ती म्हणाली. कूलरच्या वर आवाज जावा म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. 'लहानपणापासून. असा आवाज असला त डाव्या कानानंही कमीच येते. घरी कूलर राहीन, पंखे राहीन, लग्नाचा बँड राहीन. तुम्हाले दोनदोनदा बोलावं लागन. तुम्ही आता विचारा काय विचारायचं ते.'

मुलाच्या वडिलांनी ग्लास उचलला, दोन घोट घेतले, चांगलं वागायचं म्हणून तिसराही घेतला. आत्याबाईंनी पदर सावरला. मुलगा प्रणालीकडे बघत होता, काहीतरी बोलायच्या बेतात होता असं मला अजूनही वाटतं, पण वडील उठले तसा तोही उठला. 'कळवतो मग,' ते म्हणाले. कळवतो म्हणजे काय हे या हंगामात दुकान चालवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पुढं तिचं काय झालं, लग्न जमलं की नाही, हे विचारणाऱ्यांना मी सांगत नाही. ती इथं येते, कॉफी पिते, छायाशी गप्पा मारते. बाकीचं तिचं आहे.

त्या दुपारी पाहुणे बाहेर पडले तसे उन्हातून पळून आलेले लोक कूलरच्या आवाजाला आत शिरले आणि टेबलं पुन्हा भरली. भोयरभाऊ मंडपात एकटेच बसून होते. मी वाट बघत होते, आता हा माणूस उठेल आणि माझ्यावर, छायावर, सगळ्या दुकानावर येईल. ते आले नाहीत. त्यांच्यापुढच्या कॉफीतला बर्फ विरघळून गेला. प्रणालीनं रिकामे ग्लास गोळा करून आणले, छायानं ते तिच्या हातून घेतले आणि तिचा हात थोडा वेळ धरून ठेवला. दोघी काउंटरशी उभ्या होत्या, प्रणालीची पाठ दुकानाकडे.

भोयरभाऊ उठून दारापर्यंत गेले. तिथून त्यांनी हाक मारली, 'प्रणाली.' चारचौघांत मुलीला हाक मारायची ती हळू, कुणाला काही कळू नये अशी. कूलरच्या आवाजात ती माझ्यापर्यंतही नीट आली नाही. प्रणाली वळली नाही. त्यांनी तिच्याकडे यायला एक पाऊल टाकलं, जवळ येऊन खांद्याला हात लावणार होते. मग ते थांबले. त्यांनी भरलेल्या टेबलांकडे पाहिलं.

'प्रणाली!'

लोकांनी वर पाहिलं. छाया तिला खूण करायला निघाली होती, मी तिचा दंड धरला. भोयरभाऊंनी छाती भरून श्वास घेतला आणि शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी तशी, सगळं दुकान दचकेल अशी हाक मारली.

'प्रणाली, माय! घरी चाल!'

ती वळली. बापाचा चेहरा लाल झाला होता, सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते, फक्त तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग सगळं दुकान ऐकत असताना तीही तितक्याच मोठ्यानं ओरडली, 'आली, बाबा!'